भाड्याची विद्या

मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणे माथ्यावर घेऊनच, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. देवऋण यज्ञाने फिटते, पितृऋण संततीने फिटते आणि ऋषिऋण स्वाध्यायाने फिटते, अशी ती जुनी मांडणी. यज्ञयाग आता फारसे कोणी करीत नाही आणि संततीविषयी सरकारचा उपदेश बरीच वर्षे शास्त्राच्या उलटच होता. परंतु तिसरे ऋण असे सहजासहजी टाळता येत नाही. ज्याला म्हणून अक्षरओळख झाली तो या ऋणात सापडला. हे ऋण फेडावयाचे म्हणजे काय करावयाचे? पूर्वीच्यांनी जे जाणले ते आपण घ्यावयाचे, घेतलेले जपून ठेवावयाचे आणि जपलेले पुढच्याच्या हाती द्यावयाचे. घेणे, राखणे आणि देणे या तीन क्रिया मिळून स्वाध्याय पूर्ण होतो. त्यांतील एक जरी गळाली तरी कर्ज अंगावर राहते.

हा विषय काढण्याचे कारण असे की, गेल्या पंचवीसएक वर्षांत विद्येने आपले घर बदलले आहे. ती ग्रंथांच्या कपाटातून निघाली आणि पडद्यावर जाऊन बसली. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आता नियतकालिकांचे बांधीव खंड पूर्वीसारखे येत नाहीत. त्यांच्या जागी परवलीचा शब्द येतो. हा बदल सोयीचा आहे की गैरसोयीचा, याची चर्चा पुष्कळ झाली. आम्हांस त्यापलीकडचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या नव्या व्यवस्थेत ऋषिऋण फेडले जाते काय, हा तो प्रश्न होय. तो केवळ प्राध्यापकांचा आणि ग्रंथपालांचा आहे असेही आम्ही मानत नाही. आपण सारे बदलीवर हिंडणारे लोक; आपली मुले आज या गावच्या तर उद्या त्या गावच्या महाविद्यालयात शिकतात. ज्ञानाचे दार कोणास उघडते आणि कोणास उघडत नाही, हे आपल्या घरातच रोज दिसते.

प्रथम घेण्याचा विचार करू. येथे नव्या व्यवस्थेचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जिल्ह्याच्या गावी राहून संशोधन करू पाहणाऱ्याची पूर्वी काय दशा होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. एखादा परदेशी लेख वाचावयाचा तर नागपूर, मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागे. तेथे ओळख काढावी लागे. आणि इतके करूनही नेमका तो खंड बांधणीस गेलेला असे. आज परिस्थिती पालटली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या नावाची योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिला सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. तीस प्रकाशकांची मिळून सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतील जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थ्यांना, अध्यापकांना व संशोधकांना तीमुळे खुली झाली. व्यवस्था गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे.

या आकड्यांचा अर्थ भिलाईत बसून नीट कळतो. येथे २०१६ साली स्थापन झालेली आयआयटी आहे आणि शेजारी दुर्ग येथे शासकीय विश्वनाथ यादव तामस्कर महाविद्यालय आहे. (ते आडनाव वाचून परमुलुखातील मराठी माणूस क्षणभर थबकतोच.) एक केंद्राची नामांकित संस्था, दुसरे राज्याचे जिल्ह्यातील महाविद्यालय. एरवी या दोहोंच्या ग्रंथालयांची तुलना करणे हेच अन्यायाचे झाले असते. आता नियतकालिकांच्या बाबतीत दोघांसमोर एकच फडताळ उघडे आहे. गरीब महाविद्यालयातील हुशार मुलाला श्रीमंत संस्थेच्या तोलाचे साहित्य वाचावयास मिळावे, याहून मोठे पुण्य सरकारी खजिन्याच्या हातून कोणते घडणार?

मराठी वाचकाचेही असेच कल्याण झाले आहे. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड शोधावयाचे म्हणजे पूर्वी एखाद्या जुन्या वाचनालयाची पायरी झिजवावी लागे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस बसून उभारलेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तो छत्तीसगडात कोठे पाहावयास मिळेल, असा प्रश्नच पडला असता. आज ते दोन्ही कोश भिलाईच्या सेक्टरातील क्वार्टरमध्ये, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, कोणासही उघडता येतात. हे उपकार जो नाकारील तो कृतघ्न म्हटला पाहिजे.

घेणे असे सुलभ झाले, राखण्याचे काय? आमच्या मते खरी अडचण येथे आहे, आणि ती डोळ्यांस चटकन दिसत नाही म्हणून अधिक चिंतेची आहे. पूर्वी ग्रंथालय एखादे नियतकालिक विकत घेई. पुढल्या वर्षी पैसे नसले तर नवे अंक येणे थांबे. परंतु जुने अंक कोणी येऊन उचलून नेत नसे. आता ग्रंथालय विकत काही घेत नाही. ते वाचण्याची परवानगी भाड्याने घेते. काही करारांत ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक पुढेही वाचता येण्याची सोय असते. परंतु ती करारात मागून घ्यावी लागते, आणि मागण्याचे भान सर्वांना असतेच असे नाही. ती नसली तर वर्गणी थांबली त्या दिवशी नवेही जाते आणि जुनेही जाते.

क्वार्टर आणि घर यांतील भेद आपणांस कोणी समजावून सांगावयास नको. क्वार्टर चांगले असते, कित्येकदा आपल्या स्वतःच्या घराहून चांगले असते. अंगणात आपण आंबा लावतो, त्याला पाणी घालतो. बदलीचा हुकूम आला म्हणजे किल्ली परत करतो, आणि आंबा दुसऱ्याच्या मुलांसाठी उभा राहतो. यात तक्रार करण्याजोगे काही नाही, नोकरीचा तो धर्मच आहे. या पोलादनगरीत तर कित्येक कुटुंबे सबंध उमेदीची वर्षे कारखान्याच्या क्वार्टरांत काढून निवृत्तीच्या दिवशी स्वतःचे छप्पर शोधू लागलेली आपण पाहतो. एका माणसाने आयुष्य असे काढणे शक्य आहे. पण एखाद्या समाजाने आपली सारी विद्या क्वार्टरमध्ये ठेवावी काय? २०२७ च्या अखेरीस सध्याच्या तरतुदीची मुदत भरते. ती वाढेल, बहुधा वाढेलच. परंतु जी विद्या दर तीन वर्षांनी मंजुरीची वाट पाहते तिला वारसा हे नाव देता येत नाही.

आमच्या कारकुनी धंद्यातील एक गोष्ट येथे आठवते. फाइल बंद करताना ती किती काळ ठेवावयाची हे ठरवून तसा वर्ग तिच्यावर लिहावा लागतो. काही कायम ठेवावयाच्या असतात, काही ठरावीक वर्षांनी नष्ट करावयाच्या असतात. एका पंख्याच्या दुरुस्तीची फाइलदेखील या निर्णयातून सुटत नाही. आणि हजारो नियतकालिकांतील मानवी बुद्धीचे संचित मात्र कोणत्या वर्गात ठेवावयाचे, हा निर्णय आपण ज्याची गाठ फक्त भाड्यापुरती आहे अशा दूरच्या धन्यावर सोपवला आहे.

हा कल्पनेचा खेळ आहे असे कोणी म्हणेल, म्हणून एक घडलेला प्रसंग सांगतो. जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील ऍमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीची एक आवृत्ती आपल्या ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून दूर बसल्या बसल्या पुसून टाकली. विकणाऱ्यास ती विकण्याचा हक्क नव्हता, हे कारण खरे होते. पैसेही परत दिले गेले, आणि पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. तरी एक गोष्ट त्या दिवशी उघडी पडली. ज्याला वाचक आपले पुस्तक समजत होता ते त्याच्या घरात असूनही त्याचे नव्हते. छापील पुस्तकाबाबत चूक झाली असती तर दुकानदाराला वाचकाच्या दारावर येऊन थाप मारावी लागली असती.

याच्या उलट उदाहरण आमच्या गावातच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या मैत्रीच्या काळात मॉस्कोहून यंत्रे आली, तज्ज्ञ आले, तशी अल्प किमतीची पुस्तकेही देशभर आली. इंग्रजीत, हिंदीत, आपल्या मराठीतही ती निघत. १९९१ साली ते राज्यच नाहीसे झाले. ज्याने छापले तो गेला, ज्या चलनात हिशेब झाले ते गेले, पण पुस्तके जागच्या जागी राहिली. इरोदोव यांचा भौतिकशास्त्रातील उदाहरणांचा संग्रह सोडवून आजही या भागातील मुले प्रवेशपरीक्षांची तयारी करतात. सोव्हिएत संघाने आपली विद्या आपणांस वर्गणीने दिली असती तर १९९१ च्या डिसेंबरात ती फडताळे रिकामी झाली असती.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कागद तरी कोठे अमर आहे? वाळवी, ओल, आग आणि माणसाचा अविवेक यांनी आपल्याकडे काय थोडा नाश केला? ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत जो विध्वंस झाला, त्याची आठवण कोणत्याही मराठी माणसास सुखाची नाही. पडद्यावरील प्रतीला वाळवी लागत नाही हे खरे. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला तेव्हा त्या जगप्रसिद्ध ग्रंथालयाची सूचीदेखील कित्येक आठवडे वाचकांस पाहता येईना. तात्पर्य, कागद चांगला की पडदा चांगला, हा वाद फोल आहे. दोन्ही नाशवंत आहेत. नाशापासून विद्येला वाचवते ती एकच गोष्ट: तिच्या प्रती अनेकांच्या हाती असणे.

हे आपल्या परंपरेला चांगले ठाऊक होते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तो ग्रंथ होऊन तेव्हा सुमारे तीन शतके लोटली होती आणि पाठांत भेसळ झाली होती. तरी शुद्ध करावयास ग्रंथ हाती होता, कारण तो कोणा एका मठाच्या कुलपात नव्हता. हात बदलत, लेखण्या बदलत तो लोकांत उतरला होता. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली तीही लोकांच्या माळ्यांवरून आणि फडताळांतून. प्रत ज्याच्या घरी असते तो, नकळत का होईना, राखणदार होतो. भाडेकरू कितीही सज्जन असला तरी राखणदार होऊ शकत नाही. त्याच्या हाती राखण्याजोगे काही दिलेलेच नसते.

तिसरी क्रिया देण्याची. येथे एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या शेजाऱ्यांची कन्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. पोलादाला तडा का जातो, या विषयावर तिला प्रबंधिका लिहावयाची होती. पोलादनगरीतल्या मुलीला सुचावा असाच तो विषय. हवा असलेला लेख तिला पडद्यावर सापडला. सारांशाच्या खाली मात्र तीस-चाळीस डॉलरांची मागणी उभी होती, म्हणजे आमच्यासारख्या कारकुनाचा सुमारे दोन दिवसांचा पगार. तिच्याच शाळेतली मैत्रीण सरकारी महाविद्यालयात असल्यामुळे तोच लेख एक पैसा न देता वाचू शकते. दोघींची बुद्धी सारखी, गाव एक, विषय एक आणि दोघींच्याही वडिलांनी कर भरलेला. सध्याची योजना सरकारी संस्थांपुरती आहे, इतकाच काय तो फरक.

आपल्याकडे अधिकार हा शब्द विद्येच्या संदर्भात फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास भूषणावह नाही. गीतेचा अर्थ संस्कृताच्या कुंपणात होता. तो १२९० साली ज्ञानदेवांनी मराठीत आणला. मुलींना शाळेचे दार बंद होते. ते १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी उघडले. त्या कुंपणांची आणि आजच्या वर्गणीच्या कुंपणाची आम्ही बरोबरी करीत नाही. तेथे माणसाचा जन्मच अपात्र ठरवला जात होता. येथे केवळ त्याची संस्था यादीत नाही. ते पाप होते, ही फार तर अपुरी व्यवस्था आहे. परंतु एक साम्य उरतेच. जिज्ञासा किती आहे, हे दारावर कोणी विचारीत नाही. तू कोणाचा, एवढेच विचारले जाते. निवृत्त प्राध्यापक, गावातला डॉक्टर, जिल्हा न्यायालयातला तरुण वकील, आणि पदवी घेऊन फाइलींत रुतलेला पण वाचनाची हौस न सोडलेला आपल्यासारखा नोकरदार हे सारे त्या दारापाशी परकेच ठरतात.

प्रकाशकांची बाजू अगदीच पोकळ नाही. संपादन, मांडणी, शतकभराच्या अंकांचे जतन यांस पैसा लागतो. परंतु त्या लेखांमागचा हिशेब कोणत्याही लेखापालास चमत्कारिक वाटेल. संशोधनास पैसा बहुधा जनतेचा. लिहिणारा आपला लेख विनामूल्य देतो, तपासणारा विद्वान बहुधा विनावेतन तपासतो, आणि शेवटी तोच लेख वाचण्यासाठी जनता पुन्हा पैसे मोजते. ज्या विहिरीला साऱ्या गावाने वर्गणी दिली तिच्या पाण्यावर गावालाच दर लागावा, असा हा प्रकार आहे.

मग कुंपण तोडावे काय? कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ साली ‘साय-हब’ काढून लाखो लेख जगाला फुकट वाटले. मोठ्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश झाला. आमच्या परिचयाच्या कित्येक सुशील तरुणांना यात चोरी वाटत नाही. विद्या दिल्याने वाढते, मग ती चोरली तर कोणाची कमी झाली, असे ते विचारतात. प्रश्न बिनतोड वाटतो. तरीही आम्ही त्यांच्या बाजूने कौल देऊ शकत नाही. याचे कारण आमची सरकारी नोकरी हे नाही. चोरून मिळालेल्या विद्येने एकट्याची गरज भागते, पण कोणाचाही हक्क सिद्ध होत नाही. कुंपण जागच्या जागी राहते आणि त्यातले भोक ज्याला ठाऊक तो शांत बसतो. दाराविषयी बोलणारे मग कोणी उरत नाही.

याहून चांगला मार्ग आपल्याच देशात दिसला आहे. २०१२ साली तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला होता. पुस्तकांतील निवडक भागांच्या छायाप्रती बांधून विद्यार्थ्यांना दिल्या जात, हा आक्षेप. विद्यार्थी आणि अध्यापक उघडपणे न्यायालयात उतरले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने अध्यापनाच्या ओघातील अशा प्रतींना मोकळीक दिली आहे, आणि प्रताधिकार हा काही ईश्वरदत्त हक्क नव्हे. अपिलानंतर २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. भोकातून जाण्यापेक्षा दारावर उभे राहून भांडणे हे अधिक कष्टाचे खरे. पण त्यातून जे मिळाले ते सर्वांना मिळाले.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. जेथे जनतेचा पैसा लागला तेथे संशोधनाची एक प्रत जनतेच्या भांडारात कायमची जमा व्हावी. प्रबंधांच्या बाबतीत ‘शोधगंगा’ने हे करून दाखवले आहे. वर्गणीचे करार करताना भरलेल्या वर्षांचे अंक कायम वाचता येतील, हे कलम हट्टाने मागून घ्यावे. आणि हे दार खाजगी महाविद्यालयांतील मुलांना व सार्वजनिक वाचनालयांत येऊन बसणाऱ्या कोणाही नागरिकाला उघडे व्हावे.

सरकारकडे मागणे मात्र सोपे असते. ऋण तर आपल्या माथ्यावर आहे. ज्यांना आज सर्व काही खुले आहे ते त्याचे काय करतात? हजार लेख उतरवून ठेवावेत आणि एकही वाचू नये, हा प्रकार आता सर्रास दिसतो. त्यात नवी यंत्रे विचारल्याबरोबर तयार उत्तर हाती देतात. ते कोणाच्या तपश्चर्येतून आले हे बहुधा कळतही नाही. ज्या ऋषीचे नावच ठाऊक नाही त्याचे ऋण कसे मानणार आणि कसे फेडणार?

या छत्तीसगडच्या भूमीतच त्याचा एक धडा आहे. पंडित माधवराव सप्रे हे मातृभाषेने मराठी. १९०० साली पेंड्रा या लहानशा गावातून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते तीन वर्षेच चालले. पुढे त्यांनी समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. आपण जेथे नोकरीस राहिलो तेथल्या लोकांचे आपण काही लागतो, आणि आपल्या भाषेत जे मिळाले ते त्यांच्या भाषेत दिले पाहिजे, हे त्यांनी न बोलता करून दाखवले. त्यांच्यापाशी ना परवलीचा शब्द होता, ना तेरा हजार नियतकालिके. त्यांच्यापाशी होते ते दोन ग्रंथ, दोन भाषा आणि आपण कोणाचे तरी देणे लागतो ही जाणीव.

आपल्यापैकी प्रत्येकास दोन भाषा येतात, कित्येकांस तीन. एखादा चांगला लेख मराठीत आणणे, विकिपीडियावरील एखादी अर्धवट नोंद पुरी करणे, घरातली जुनी मासिके रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयास देऊन त्यांच्या प्रती करवून घेणे, शेजारच्या मुलीला हवा असलेला लेख रीतसर मिळवून देण्यासाठी लेखकालाच एक विनंतीपत्र धाडणे (बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात), ही कामे कोणत्याही मंजुरीवाचून होण्याजोगी आहेत. क्वार्टर सोडून जाताना आपण आंबा बरोबर नेऊ शकत नाही. पण तो लावावयाचा की नाही, हे ठरवणे आपल्याच हाती असते.